क्लच नसलेली मोटार

नातवाच्या नव्या गाडीला क्लच नाही हे पाहिले आणि एका जुन्या मोटारीतल्या, उन्हात तापलेल्या चामडी गाद्यांचा वास आठवला. तरुणपणी कुस्तीत माझा डावा गुडघा निकामी झाला. क्लच दाबायला डावा पायच लागतो, तरी मी मोटार शिकणार म्हणताच तालमीतले सोबती हसले, "पैलवान, आता बैलगाडीच हाका की!" शाहूपुरीतील एका व्यापाऱ्याकडे बिनक्लचची जुनी अमेरिकन मोटार होती. नवे चालक सवयीने डावा पाय क्लचसाठी दाबत. तो रुंद ब्रेकवर पडे आणि सगळे पुढे आदळत. मला तिच्यावरच शिकवावे, अशी मी व्यापाऱ्याला विनंती केली. त्याच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने शेजारी बसून दरडावले, "डावा पाय इसरायचा, न्हाईतर आदळतोस बघ." मी म्हणालो, "त्यो कवाच इसरलोय." महिन्याभरात हात बसला. मग एके दिवशी मी मोटार मुद्दाम शिवाजी पेठेत नेली. तालमीच्या दारात सारे उभे होते. मी थांबलो नाही. सर्वांना नीट दिसावे म्हणून वेग तेवढा कमी केला. आज नातवाने विचारले, "आबा, तुम्हाला जमंल व्हय?" मी किल्लीसाठी हात पुढे केला.