सैल धरलेला हिरा

अंगठी घ्यायला गेलं की दुकानदार माझ्या आत्यापुढे आधी पुरुषांचा ट्रे ठेवतो, इतकी तिची बोटं जाड आहेत. त्याच बोटांनी ती केसाएवढ्या पातळ हिऱ्याच्या चकत्या उचलते.

आत्या फिटर. एका मोठ्या प्रयोगशाळेच्या यंत्रशाळेत तिची चोवीस वर्षं गेली. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्याकडून तिला चिमटे मिळाले आणि चिकाटीही.

प्रयोगशाळेखाली लांबलचक बोगदा आहे. त्यातून इलेक्ट्रॉनांचे पुंजके जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं धावतात. वाटेत वरखाली चुंबकांच्या रांगा. त्यांच्यामधून नागमोडी जाताना ते क्ष-किरणांचा झोत सोडतात, अणूंची मांडणी टिपता येईल इतका प्रखर. क्ष-किरणांनाही रंग असतात, आपल्याला दिसत नाहीत इतकंच. खोट तिथेच होती. प्रत्येक झोतात रंगांची खिचडी, आणि दर वेळी वेगळी.

उपाय ठरला होता. अर्ध्या वाटेत हिऱ्याची चकती उभी करायची. ती त्या गर्दीतून एकच रंग निवडणार आणि पुढची चुंबकं तोच वाढवत नेणार. कागदावर सगळं झकास. प्रत्यक्षात हिरा चिकटवला की वाकायचा, नजरेला कळणारही नाही इतका, पण तेवढ्यानं रंग फिसकटायचा. सात महिने गोंद बदलले, पट्ट्या बदलल्या. एका दुपारी आत्याच्या चिमट्यात चकतीच तुटली. ती तुकडे बशीत घेऊन थेट प्रमुख शास्त्रज्ञ बाईंकडे गेली.

"बाई, तुटला. माझ्याच हातून."

बाईंनी एक तुकडा उचलून उजेडात धरला. रागावल्या नाहीत. "न वाकवता धरायचा कसा, हेच सुचत नाही," त्या म्हणाल्या.

"मग धरूच नका."

"म्हणजे?"

"आमचे बाबा घड्याळातलं चाक कधी आवळून बसवायचे नाहीत. दोन्हीकडे जराशी मोकळीक ठेवायचे. आवळलं की चाक रुसतं, म्हणायचे."

"पण हा हलेल ना?"

"किंचित तिरका ठेवू. आपल्याच वजनानं टेकून राहील."

बाईंनी कागद पुढे सरकवला. "काढून दाखवा."

आत्यानं ग्रॅफाइटच्या ठोकळ्यात खाच कोरली. पहिली अरुंद झाली, दुसरीची कड खरबरीत निघाली. अकराव्या दिवशी तिसऱ्या खाचेत हिरा अलगद टेकला. मोजमाप करणाऱ्यानं वाक तीनदा मोजला आणि मान डोलावली. वाक जवळपास नव्हताच.

चाचणीच्या सकाळी बाईंनी तिला नियंत्रण कक्षात बोलावून घेतलं. फिटर मंडळींना तिकडे सहसा कुणी विचारत नसे. इतकी वर्षं चुंबकं जागेवर बसवली, पण त्यातून काय निघतं ते आत्यानं कधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर झोतातल्या रंगांचा आलेख होता, त्यात रानगवतासारखी टोकं उगवत होती. दर झोताला नवं गवत.

"आता हिरा वाटेत आणा," बाई म्हणाल्या.

गवत आडवं झालं. मधोमध एकच सुई उभी राहिली, आधीच्या कुठल्याही टोकापेक्षा चौपट उंच. पुढचा झोत आला, सुई तिथेच. त्याच्या पुढचा, तिथेच.

"पडदा अडकला वाटतं," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"अडकलेला नाही," बाई म्हणाल्या.

आत्यानं विचारलं, "हे सेकंदाला किती वेळा होतंय?"

"शंभर. पडद्यावर त्यातला एकच दिसतो."

"आणि शंभरही वेळा तिथेच?"

"तिथेच."

आत्या मिळेल त्या खुर्चीवर बसली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

घरी आल्यावर मी विचारलं, "मग, काय वाटलं?"

ती भाजी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "जराशी भीतीच वाटली गं. इतकं नेमकं काही असू शकतं, हे ठाऊकच नव्हतं मला."

आज त्या बोगद्यात तसे तीन हिरे आहेत. देखभालीसाठी यंत्र बंद असतं त्या दिवशी आत्या टॉर्च घेऊन चुंबकांच्या रांगेच्या कडेनं चालत त्यांच्यापाशी जाते. तपासण्यासारखं काही नसतं. थोडा वेळ उभी राहते आणि परत येते.