दुमडलेल्या बाह्या

आमच्या गावच्या दवाखान्यात माणसं नंबर यायच्या आधीच बाही दुमडून बसतात. सर्दी असो की खोकला, सुई आणि अँटिबायोटिक ठरलेलंच. देशाच्या सरासरीपेक्षा इथं ही औषधं फार जास्त दिली जातात, असं पत्रक मी छापून वाटलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सरासरीनं माझा ताप उतरतो का रे?"

ही अँटिबायोटिकं वरचेवर घेतल्यानं आता आईच्या लघवीच्या संसर्गावर त्यातली एकही गोळी लागू पडत नाही, असं तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय. तरी आज ती याच दवाखान्याच्या बाकावर, माझ्या शेजारी, बाही दुमडून बसलीय. मला राग यायला हवा. येत नाही.

"तुझंही नाक वाहतंय," आई म्हणाली. "आलायस तर दाखवून घे."

मीही बाही दुमडली.