तक्त्यातला शेवटचा रकाना

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळण्याचा अनुभव दांडगा आहे. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खरेदी विभागात माझी उभी हयात गेली. कुठलाही कागद 'विचाराधीन' ठेवता येतो, हे तिथेच शिकलो.

मुलगी बारावी झाली तेव्हा आम्ही मयूर विहारला राहत होतो. मेट्रो अजून यायची होती. तिला नैसर्गिक साधनसंपत्तीच्या संवर्धनाची पदवी घ्यायची होती. कॉलेज लांब डोंगरात, चार वर्षं हॉस्टेल. मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणणारा बाप मागासलेला दिसतो. मी म्हटलं, "आपण तुलना करू."

टेंडरं उघडल्यावर करतात तसा तक्ता केला. कॉलेज, एकूण खर्च, पदवीनंतर काय. दोन कॉलेजं संवर्धनाची. तिसरं घराजवळचं, बी.कॉम.चं, ज्याचं नाव तिने काढलंच नव्हतं. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला आमच्याकडे एल-वन म्हणतात. इथे एल-वन कोण, हे सांगायला नको.

"बाबा, तुम्हाला एकच वन माहीत आहे यार," मुलगी म्हणाली. "एल-वन."

"बापाला यार म्हणतेस?" स्वयंपाकघरातून तिची आई.

"आणि हा शेवटचा रकाना कोरा का?"

"तो चौकशी करून भरतो," मी म्हणालो.

चौकशी मी केली. डोंगरातल्या त्याच कॉलेजात शिकलेली एक बाई फरीदाबादला, बंद पडलेल्या दगडखाणींवर झाडं लावायच्या कामावर होती. एका रविवारी दोन बस बदलून गेलो. तिने मला खाणीच्या काठावर उभं करून पळसाची रोपं दाखवली. तिच्या वर्गातलं कुणी रिकामं बसलेलं नव्हतं. पगार बरा होता. निघताना म्हणाली, "भाईसाहब, बेटी को भेज दीजिए. सोचिए मत."

परतीच्या बसमध्ये मी रकाना भरला : 'माहिती उपलब्ध नाही.'

खरं लिहिलं असतं तर ती गेली असती. एकुलती एक मुलगी चार वर्षं घरात दिसणार नाही, याला तक्त्यात रकाना नव्हता.

तिने कागद दोनदा वाचला. सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी. बापाच्या कागदावर विश्वास ठेवला आणि माझी नक्कल करत खाली 'पाहिले' लिहून सही केली. बी.कॉम. झाली. नातेवाइकांना मी सांगत राहिलो, निर्णय तिचाच, सही आहे.

आता ती मानेसरच्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळते. मध्यंतरी कंपनीला आवारात झाडं लावायची होती. रोपांचे तीन दर आले, तक्ता तिनेच केला.

"सगळी वाळली, बाबा," परवा घरी आली तेव्हा म्हणाली. "एल-वनची होती." हसली. मग चहा ओतता ओतता म्हणाली, "तुम्ही तेव्हा माझ्यासाठी अख्खा रविवार फिरलात, आणि कुणी काही सांगितलंच नाही. बिचारे."

मला माफ कर, हे वाक्य मी कधीचं तयार ठेवलं आहे. त्याची सुरुवात फरीदाबादपासून होते.

"फरीदाबादला," मी म्हणालो.

"फरीदाबादला काय?"

"तिकडे आता मेट्रो जाते."