रांगेतली शेवटची घागर

मेजर कधीच कुठल्या रांगेत पुढे उभा राहिला नाही. खरं तर तो मेजर नव्हता, साधा शिपाई होता. पण आमच्या नेकनूरकडच्या गावांत पोरगा भरतीसाठी पळायला लागला, की लोक त्याला मेजर म्हणू लागतात. पुढे खरं नाव फक्त आईच्या तोंडी उरतं.

फौजेत जायच्या आधी तो आमच्या दूध संस्थेत मापावर होता, मी सचिव. माप धरणाऱ्यावर गाव संशय घेतंच. म्हणून त्याने आपणहून ठरवलं, की स्वतःच्या घरचं दूध सगळ्यांच्या शेवटी, चार लोकांच्या देखत मापायचं. "अण्णा, ज्याच्या हातात माप, त्याची बारी सेवटी," असं तो म्हणायचा. हिशेबाच्या कामात इतका सोपा आणि पक्का नियम मला दुसरा सापडला नाही.

दुष्काळात दूध आटलं आणि संस्थेला कुलूप लागलं. टँकर यायचा, तो गावच्या विहिरीत ओतला जायचा. पाणी पडलं की एकच झुंबड. भांडणं तर व्हायचीच, शिवाय तळ ढवळून सगळ्यांच्याच घागरीत गाळ यायचा. मेजर तेव्हा सुट्टीवर आला होता. त्याने घागरींची रांग लावली आणि आपल्या आईची घागर नेऊन शेवटी ठेवली.

"सेवटी गाळच मिळंल बे, मेजर!" पारावरून कुणी तरी ओरडलं.

"बसतो गाळ. दम धरावा लागतो."

"लोकांचे लेक आईला पुढं घालतेत," मावशी, म्हणजे त्याची आई, पुटपुटली. पण घागर तिने हलवली नाही.

सुट्टी संपली तेव्हा मी त्याला एसटीपर्यंत सोडायला गेलो. पलटण श्रीलंकेला निघाली होती. तिथल्या लढाईबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. त्याला घोर होता तो रांगेचा. "मी न्हाई म्हणून लोक आईला पुढं घेतील, अण्णा. घेऊ देऊ नका. एकीला पुढं घेतलं की रांग मोडली." मी शब्द दिला. एसटीतही तो सगळे चढल्यावर चढला आणि उभ्यानेच गेला.

तो परत आला नाही. गस्तीवर असताना सुरुंग फुटला. अंत्यविधी तिकडेच झाला. गावात आली ती त्याची काळी ट्रंक. ती घेऊन आलेला जवान गेवराईकडचा होता. हातातला चहा तसाच धरून तो सांगत होता, "तिथं विहिरी काठोकाठ भरलेल्या असायच्या, मावशी. तरी हा पाण्याला सगळ्यांच्या मागं उभा राहायचा. आमी लई हसायचो."

मावशीने एवढंच विचारलं, "पाणी पोटभर मिळायचं का त्याला?"

पुढचा टँकर आला, तेव्हा कुणी न सांगता बायकांनी मावशीची घागर रांगेत पहिली ठेवली. मला दिलेला शब्द आठवत होता, तरी मी ती तिथेच राहू दिली. मावशी आली. तिने रांगेकडे पाहिलं आणि घागर उचलली.

"कावून हलवली? त्याची जागा हाय ती."

घागर तिने पार मागे नेऊन ठेवली. सगळ्या बायका पाणी भरून गेल्यावर ती एकटीच विहिरीच्या काठावर बसून राहिली. दोर धरायलाही सोबत कुणी नव्हतं. माझ्या ओट्यावरून मला ती दिसत होती. पाणी निवळेपर्यंत ती जागची हलली नाही.

पुढच्या खेपेला मी माझी घागर तिच्या घागरीमागे नेऊन ठेवली. म्हटलं, निदान सोबत होईल.

तिने वळून पाहिलं. "तुझी कावून इथं?"

"गाळ बसू द्यावा म्हटलं, मावशी."

आपली घागर उचलून तिने माझ्या मागे ठेवली, आणि पदर सावरून घागरीशेजारी बसली.