पाटणकर काकांच्या जावयाची वेबसाइट

“मॅडम, ती लिंक नाहीये हो. ते आमच्या जावयाचं काम आहे,” पाटणकर काका फोनवर म्हणाले.

मी म्हटलं, “काका, जावयाची असली तरी लिंकच ती. काढावी लागेल.”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग हळू आवाजात, “काढली तर घरात काय होईल, कल्पना आहे का तुम्हाला?”

मला कल्पना नव्हती. मी तेव्हा अंधेरीला एका ऑनलाइन लिलावाच्या कंपनीत सेलर सपोर्टला होते. विकणाऱ्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि त्यांच्या चुका त्यांना गोड शब्दांत सांगायच्या, हे काम. आमच्या साइटवर लोक जुन्या आणि हाताने केलेल्या वस्तू लिलावाला लावतात. एका वस्तूचं एक पान, फोटो आणि माहितीसकट, त्याला लिस्टिंग म्हणतात. लोक बोली लावतात, सगळ्यात वरची बोली जिंकते आणि कंपनी आपलं कमिशन कापून घेते. सगळा डोलारा त्या कमिशनवर. त्यामुळे एक नियम फार कडक: लिस्टिंगमध्ये स्वतःच्या वेबसाइटचा पत्ता टाकायचा नाही. गिऱ्हाईक आमच्या दारातून आत यायचं आणि विकणाऱ्याने त्याला मागच्या दाराने आपल्या दुकानात न्यायचं, हे कंपनीला कसं परवडेल? नियमावलीत मात्र याचं कारण ‘ग्राहकांची सुरक्षितता’ असं लिहिलेलं होतं.

पाटणकर काका मुलुंडचे. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मोबाइलमध्ये कॅमेरे आले आणि स्टुडिओ बसला. मग काकांनी जुने कॅमेरे घेऊन, उघडून, साफ करून लिलावाला लावायला सुरुवात केली. माणूस एकदम सरळ. लेन्सला बुरशी असेल तर तिचा वेगळा फोटो काढून टाकायचे. आमच्याकडे त्यांचं रेटिंग झकास होतं, आणि त्यावरच घर चालत होतं.

मग मुलीचं लग्न झालं. जावई निनाद, बोरिवलीचा. स्वतःला डिजिटल ग्रोथ कन्सल्टंट म्हणवायचा. दिवाळसणाला त्याने सासऱ्यांना वेबसाइट करून दिली. दिवाळसणाला जावयाने सासऱ्याला काही द्यावं, असं उलटं त्या खानदानात पहिल्यांदाच घडलं होतं. त्यामुळे घरात त्या वेबसाइटचा मान देवघराच्या खालोखाल.

मी ती उघडून पाहिली. आधी काळा पडदा. मग शटरचा खट्ट आवाज. मग मोठ्या अक्षरांत निनादचं नाव. मग एक चौकट वर येऊन विचारते, ‘आपला प्रवास कुठून सुरू करूया?’ विकायचे कॅमेरे नेमके कुठे ठेवलेत, ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही.

काकांनी लिंक काढली. चार दिवसांनी परत आली, या वेळी तुकडे पाडून लिहिलेली, टिंबाच्या जागी ‘डॉट’ अक्षरांत. आमचं सॉफ्टवेअर ते ओळखतं. वॉर्निंग गेली. मग कॅमेऱ्याच्या पट्ट्याला पत्त्याचा स्टिकर लावून फोटो काढला. सॉफ्टवेअर फोटोतलंही वाचतं. दुसरी वॉर्निंग. तिसरीला अकाउंट सस्पेंड होतं, म्हणजे दुकानाला टाळं. मी काकांना फोन केला, तर निनादनेच उचलला.

“तुम्ही लोक स्मॉल बिझनेसचा गळा दाबताय,” तो म्हणाला.

“असं नाही. तुमच्या प्रोफाइलच्या पानावर एक लिंक टाकायला परवानगी आहे. तिथे टाका ना.”

“प्रोफाइल कोण बघतं?”

“आणि वेबसाइट कोण बघतं?”

त्याने फोन ठेवला. मला वाटलं, सुटले.

महिनाभर कुठे काही नाही. मग एक दिवस घाटकोपरच्या दुसऱ्या एका कॅमेरेवाल्याची तक्रार आली, फोटो जोडून. फोटोत काकांचा एक फार दुर्मीळ कॅमेरा, आणि त्याच्याखाली सुंदर पांढरा टेबलक्लॉथ. कापडाच्या कडेने साखळी टाक्याची निळी वेल. मी फोटो मोठा केला. ती वेल नव्हती. तो वेबसाइटचा अख्खा पत्ता होता, मराठीत, ‘डॉट कॉम’सकट. काकांच्या बायकोने, शैलाकाकूंनी, तो जावयाच्या सांगण्यावरून भरला होता. आमचं सॉफ्टवेअर फक्त इंग्रजी वाचायचं. देवनागरी त्याला नक्षी वाटली.

तक्रार थेट माझ्या बॉसकडे, रितेश सरांकडे गेली होती. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“हे काय लिहिलंय?” सर जन्मापासून अंधेरीचे, पण मराठी वाचायची वेळ आली की पाहुणे होतात.

“वेबसाइटचा पत्ता, सर. भरतकाम आहे.”

“मतलब लिंक.”

“कापडावर क्लिक कसं करणार, सर?”

“प्रज्ञा, मला लॉजिक नको. पॉलिसी म्हणजे पॉलिसी. अकाउंट आत्ताच्या आत्ता बंद कर.”

“करते. पण या कॅमेऱ्यावर बोली चालू आहे. बंद केलं तर लिलाव रद्द होईल.”

सरांनी बोलीचा आकडा पाहिला. खुर्ची पुढे ओढली. परत पाहिला.

“कधी संपतोय?”

“उद्या संध्याकाळी.”

“मग परवा बंद कर. कस्टमरचा एक्स्पिरियन्स खराब नको व्हायला.”

तसंच झालं. लिलाव संपला, कॅमेरा गेला, कंपनीचं कमिशन कापून झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी काकांचं अकाउंट बंद झालं. मेल मीच पाठवला. काका फोनवर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “स्टुडिओ बंद करताना शटर निदान मी स्वतः ओढलं होतं.”

मी त्याच दुपारी अपील टाकलं. अपील म्हणजे वरच्यांना ‘पुन्हा बघा’ म्हणून विनंती. कापडावर क्लिक करता येत नाही, हे त्यात तीन परिच्छेदांत सिद्ध केलं. दरम्यान काकांनी सगळे कॅमेरे वेबसाइटवर लावले. ऑर्डर एकही आली नाही. निनादचं म्हणणं, ब्रँड अवेअरनेस वाढतोय.

अपिलासाठी कागद गोळा करताना मी त्या लिस्टिंगखालचे प्रश्न वाचले. बोली लावणारे तिथे विकणाऱ्याला प्रश्न विचारू शकतात. कॅमेऱ्याबद्दल दोन-तीन प्रश्न होते. बाकी सगळे कापडाबद्दल. ‘खालचं कापड सोबत येणार का?’ कोचीची एक बाई. ‘ही निळी नक्षी कुठली? वेगळी विकता का?’ कोलकात्याचे कोणी. मराठी त्यांनाही येत नव्हती. सॉफ्टवेअरसारखीच त्यांनाही ती वेलच दिसली होती. आणि काका, जावई, मी, कोणीही त्यांना उत्तर दिलं नव्हतं.

मी काकूंना फोन केला. त्यांना खरं वाटेना.

“अगं, चेष्टा करतेस का? तो तर मी घाईत भरला होता. ‘डॉट’ला तर टाका पण चुकलाय.”

“काकू, त्या चुकलेल्या टाक्याला पण गिऱ्हाईक आहे.”

काकूंच्या नावाने वेगळं अकाउंट नियमात बसतं का, ते मी दोनदा वाचलं. बसत होतं. माणूस वेगळा, माल वेगळा. पहिला टेबलक्लॉथ, या वेळी खरीखुरी वेल भरलेला, लिलावाला लागला तेव्हा वर्णन चार ओळींचं होतं: कापड कुठलं, मोजमाप किती, धुवायचं कसं, आणि रंग जात नाही. कोचीच्या बाईने तो शेवटच्या मिनिटाला बोली वाढवून घेतला.

कापड म्हणजे लिंक नव्हे, हे पटायला आमच्या कंपनीला महिना लागला. काकांचं अकाउंट परत मिळालं, एका वॉर्निंगसह. घाटकोपरवाल्याने मधल्या काळात काकांची बरीच गिऱ्हाइकं नेली होती, ती काही सगळी परत आली नाहीत. काकूंचे रुमाल आणि टेबलक्लॉथ मात्र आता कॅमेऱ्यांपेक्षा जास्त खपतात.

निनाद एका रविवारी मुलुंडला आला आणि म्हणाला, “आई, आता तुमची पण वेबसाइट करून देतो. एकदम प्रीमियम.”

काकू म्हणाल्या, “तुम्ही आधी जेवून घ्या.”

मी ती नोकरी सोडली आहे. आता छोट्या विक्रेत्यांना लिस्टिंग कशी करायची ते शिकवते. वेबसाइट कुठे लपवायची हे पहिल्याच दिवशी कोणी ना कोणी विचारतंच. मी विचारते, “खाली आलेल्या प्रश्नांना उत्तरं दिलीत का?” बहुतेकांनी दिलेली नसतात.