महाग वेळेचा कूलर

राजापेठेत आमच्या समोर एक म्हातारी एकटीच राहायची. उन्हाळ्यात संध्याकाळी कूलर बंद ठेवून, डोक्यावर ओला पंचा घेऊन ती पायरीवर बसायची. एकदा मी तिच्याजवळ बसून कारण विचारलं.

“सांजच्या टायमाले नव्या मीटरवर लाइट महाग रायते म्हन्ते. पोरगा पुण्याहून मोबाइलवर माह्यं मीटर पायते. कूलर लावला का फोन करून रागावते मले.”

“मग लावा, अन् फोन उचलूच नका,” मी चिडून म्हणालो.

“कावून? एरवी कुठं येते त्याचा फोन?”

ती उठून आत गेली. कूलर घरघरला. काही वेळानं फोन वाजला. त्याचं ओरडणं पायरीपर्यंत ऐकू आलं.

“हो बापू, करतो बंद. तू जेवला काय?”

तोवर फोन कटला होता. कूलर बंद करून ती पुन्हा पायरीवर आली.

“बरा हाय पोरगा,” मला म्हणाली.