घरटी एक अर्ज

कमलाक्काला कागदांचा मनस्वी राग होता, आणि कागदांनाही तिचा असावा. गणेशगुडीला काळी नदीच्या काठावर तिचा राफ्टिंगचा तळ. चार बोटी, आठ गाईड, सहा खोल्या आणि एक सदा पेटलेलं स्वयंपाकघर. नवरा यशवंत गेल्यावर रामनगरचं तांदळाचं दुकान बंद करून बाई इथं आली, स्वतःला पोहता येत नसताना बोटी घेतल्या, आणि बारा वर्षं सगळा धंदा तोंडाच्या जोरावर रेटला. नदीवरचं काय ते झिलू बघायचा. झिलू अणशीकडचा कुणबी, तिचा मुख्य गाईड. आल्यागेल्या पाहुण्याला कमलाक्का ऐकवायची, "आमच्या झिलूसारखा मानूस साऱ्या कर्नाटकात हुडकून मिळायचा न्हाई."

गेल्या हंगामात एक बोट उलटली. एका पाहुणीचा पाय खडकांच्या फटीत अडकला आणि पाणी तिच्या डोक्यावरून जाऊ लागलं. झिलूनं उडी घेतली, थोड्या वेळानं दोघं वर आली. बाई वाचली, घरी जाऊन तिनं पेढेही पाठवले. पण तेवढा वेळ काठावर उभं राहून कमलाक्कानं जे बघितलं ते तिच्या मनातून जाईना. तिनं पण केला: वाहत्या पाण्यात अडकलेला माणूस दोर लावून कसा काढायचा, हे गाईडांना रीतसर शिकवणारा कुणी आल्याशिवाय यंदा एकही बोट पाण्यात घालायची नाही. ओळखीपाळखीतलं कुणी अख्खा हंगाम राहायला तयार होईना. शेवटी युगांडात नाईल नदीवर हेच काम करणारा जोसेफ नावाचा गडी फोनवर सापडला. तो हो म्हणाला, आणि कमलाक्काच्या मागं साडेसाती लागली.

तिचा भाचा अनिकेत बेळगावात हिशेबनिसाच्या ऑफिसात होता. तो म्हणाला, "आत्या, त्याला नोकरीचा व्हिसा लागणार. पण त्याच्या आधी तुझं घर सरळ कर. बोलावणारी कंपनी खरी आहे, हे आधी दिसायला पाहिजे."

कंपनी खरीच होती, पण तिला तीन नावं होती. पाटीवर एक, करभरणीच्या कागदांवर यशवंतच्या तांदळाच्या दुकानाचं, आणि वीजबिलावर जागेच्या जुन्या मालकाचं. ती एक करता करता दोन महिने गेले, जोयडा आणि कारवारच्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजले, आणि प्रत्येक टेबलावर कमलाक्कानं कुणाची ना कुणाची खरडपट्टी काढली. मग करारपत्र. जोसेफची कामं म्हणून तिनं लिहून पाठवलं: गाईडांना शिकवणे, बोटी धुणे, पाहुण्यांना स्टँडवरून आणणे, गर्दी असल्यास पंगतीत वाढणे.

"वाढायला युगांडाहून माणूस कशाला, असं विचारतील ना!" अनिकेत फोनवर ओरडला.

"मग काय झालं? हितं सगळी सगळंच करत्यात. मी भांडी घासते ती काय मला विद्या न्हाई म्हनून?"

"त्याची विद्या जी आहे तेवढीच लिही. जी बाकी कुणाला येत नाही ती."

चडफडत तिनं वाढणं खोडलं. मग अनिकेतनं शेवटची गोष्ट सांगितली. हे काम करणारा माणूस आपल्याकडं मिळत नाही, असं कारणाचं पत्र द्यायचं. त्याला आधार म्हणून आधी जाहिरात दे, पंधरा दिवस थांब, कुणी लायक आलं नाही की तसं लिही. कमलाक्काला हे पटलं. पंचायतीत, किराणा दुकानात आणि पेपरात तिनं जाहिरात लावली आणि निवांत बसली.

पंधरा दिवसांत एकोणतीस अर्ज आले.

तिला घेरी यायची बाकी राहिली. पहिला अर्ज तिच्याच स्वयंपाकीण फुलाचा. साठीची फुला घोट्यापर्यंत पाण्यात उतरायची नाही. दुसरा महाबळेश्वर नावाच्या गड्याचा, तो सायकलींची पंक्चरं काढायचा.

"फुले, तुला याड लागलं काय?"

"अक्का, तुझ्या जाहिरातीला कोन गेलंच न्हाई तर चार गावांत तुझी मान खाली व्हनार न्हाई? आमी वाडीत बसून ठरवलं. घरटी एक."

कमलाक्कानं कपाळावर हात मारला. लावणी असो, घर शाकारणं असो, एकानं हाक दिली की घरटी एक माणूस जायचा, ही इथली रीत. तिनं पेपरात हाक दिली, आणि लोकांनी रीत पाळली. कुणावर चिडायचं? ज्यांच्यावर चिडायचं ती सगळी तिच्याच अब्रूसाठी धावलेली.

आता अनिकेत म्हणाला, "आले आहेत तर प्रत्येकाला विचार, आणि तो लायक का नाही ते लिहून ठेव." आठवडाभर कमलाक्का पडवीत बसून एकच प्रश्न विचारत राहिली. माणूस अडकला तर काय करशील? महाबळेश्वर म्हणाला, फोन करीन. फुला म्हणाली, नवस बोलीन. कमलाक्का दात खात लिहीत गेली.

सगळ्यात शेवटचा अर्ज झिलूचा होता. तो बघून तिचं पित्तच खवळलं. बाकीच्यांना नालायक लिहिणं सोपं होतं. ह्याला कसं लिहिणार? आणि नाही लिहिलं तर जोसेफ कशाला पाहिजे?

"तू बी? सगळा कागद बुडवलास की रे! आता म्या काय लिहू?"

"लिही की, झिलूला येत न्हाई म्हनून."

"खोटं लिहू?"

"खोटं न्हाई, अक्का. त्या दिवशी बाईचा हात माझ्या हातातनं दोनदा सुटला. तिसऱ्या बारीला तिचा बूट निघाला आनि पाय आपला आपन मोकळा झाला. म्या न्हाई काढली तिला. हेच सांगाया अर्ज दिला. नुसता आलो असतो तर तू बोलू दिलं नसतंस."

"आनि इतके म्हयने गप ऱ्हायलास?"

"तू रोज पावन्यांपुढं माझं नाव घेत व्हतीस. त्यात कसं सांगू?"

कमलाक्काला स्वतःचीच लाज वाटली. नदीपेक्षा तिच्या तोंडानंच ह्या माणसाला जास्त घट्ट अडकवून ठेवलं होतं. कागद ओढून तिनं लिहिलं: 'आमच्याकडे आठ गाईड आहेत. त्यातल्या सगळ्यात हुशार गाईडलाही पाण्यात अडकलेला माणूस सोडवता येत नाही, असं तो स्वतः सांगतो आणि खाली सही करतो.'

झिलूनं अक्षर अक्षर लावून वाचलं. "सगळ्यात हुशार, तेवढं खोड, अक्का."

"ते खरं हाय. ते न्हाई खोडनार," ती म्हणाली आणि कागद त्याच्यापुढं सरकवला.